बिबट्या दिसायच्या आधी शेळ्या थांबल्या पाहिजेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. १९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' लागायचं, बाणाला बाण भिडला की तुमची आजी हात जोडायची. आज कोट्यवधी रुपयांचं ग्राफिक्स पडद्यावर येतं आणि दहाव्या सेकंदाला शेजारच्या रांगेतली मुलं हसायला लागतात. मग प्रेक्षक हुशार झालाय की काम वाईट होतंय? तुम्ही स्वतः वीस मिनिटांची शॉर्ट फिल्म करताय, तिच्यातल्या आजीसमोर देव्हाऱ्यातली पितळी मूर्ती डोळे उघडते. इफेक्टसाठी चाळीस हजार बाजूला काढलेत. ते पुरतील का आणि लोक हसणार तर नाहीत ना, ही खरी काळजी.

मी बावीस वर्षं हेच काम करतोय, सिनेमातल्या इफेक्टचं, ज्याला व्हीएफएक्स म्हणतात. सुरुवात रोटोपासून केली. रोटो म्हणजे चालत्या माणसाची कड एकेका फ्रेमला हाताने कापत जायची. नंतर कम्पोझिटिंगला आलो, म्हणजे वेगवेगळे तुकडे एका चित्रात बसवायचे. गेली काही वर्षं सुपरवायझर म्हणून सेटवर आणि स्टुडिओत दोन्हीकडे असतो. या काळात लोक कशाला घाबरले, कशाला हसले, कशाला गप्प बसले हे मी थिएटरात बसून बघत आलोय. त्यासाठी माझी एक सवय आहे. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची घ्यायची आणि पडद्याकडे पाठ करून लोकांकडे बघायचं. पॉपकॉर्नचा हात तोंडाशी जाताना थांबला का, खोकला थांबला का, कुणाचा मोबाइल उजळला का. पिक्चर सुटल्यावर लोक जे बोलतात त्यापेक्षा या गोष्टींवर माझा जास्त भरवसा आहे.

तुमच्या प्रश्नात दोन पर्याय आहेत: प्रेक्षक बदलला किंवा काम बिघडलं. माझ्या मते खरा प्रश्न तिसराच आहे. एखादी अशक्य गोष्ट पडद्यावर आली की प्रेक्षक क्षणभर तिच्याकडे बघतो आणि लगेच तिच्यासमोरच्या माणसाकडे बघतो. त्या माणसाला ती गोष्ट दिसतेय का? तिचं वजन, तिची जागा, तिची भीती त्याला जाणवतेय का? तो माणूस खोटा पडला की मागची महिनाभराची मेहनत खोटी पडते. हे मला एका बिबट्याने शिकवलं, म्हणून आधी तेच सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका मराठी सिनेमासाठी आम्ही बिबट्या केला होता. संध्याकाळची वेळ, उसाचं शेत, बांधावर शेळ्या घेऊन निघालेली एक बाई. उसातून बिबट्या बाहेर येतो आणि चार सेकंद बांधावर उभा राहून तिच्याकडे बघतो. चार सेकंद म्हणजे ९६ फ्रेम. त्या ९६ फ्रेमना आम्ही दीड महिना दिला. केसाचा पोत, ठिपक्यांचा रंग, मावळतीचा उजेड पाठीवर कसा पडेल, डोळ्यात आकाश कसं उमटेल, सगळं बघितलं. मुंबईत उपनगरातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये निवडक लोकांसाठी खेळ लावला, तेव्हा बिबट्या येताच हॉलमध्ये टाळ्या पडल्या. आम्ही सगळे खूश.

दुसरा खेळ निर्मात्यांनी नारायणगावकडे लावला. जुन्नर तालुक्यातल्या लोकांना बिबट्या नवीन नाही. तो तिथल्या उसातच राहतो, तिथेच त्याची पिल्लं होतात. रात्री शेताला पाणी द्यायला जायचं तर माणसं त्याचा विचार करून बाहेर पडतात. मी नेहमीप्रमाणे पाठ करून बसलो होतो. बिबट्या बाहेर आला, एक सेकंद शांतता झाली आणि मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या गृहस्थांचा आवाज आला, "आरं, ह्यो कुणी पाळलेला?" अख्खं थिएटर हसलं.

खेळ संपल्यावर मी त्यांना गाठलं. त्यांनी चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या मला जे सांगितलं, ते मला आजवर कुठल्या कोर्समध्ये कुणी शिकवलेलं नाही. त्यांचं म्हणणं असं की बिबट्या पहिल्यांदा दिसतच नाही. आधी शेळ्या चरायच्या थांबतात. सगळ्यांचे कान एका बाजूला वळतात. मग माणसाला कळतं की काहीतरी आहे. आणि तो दिसलाच तर ताठ उभा दिसत नाही. पोट जमिनीला टेकत आलेलं असतं, खांद्याची हाडं पाठीच्या वर आलेली असतात, डोकं खाली. शेवटी ते म्हणाले, "आणि तुमची ती बाई बगत व्हती तिकडं बिबट्या नव्हताच की."

ती शेवटची गोष्ट ऐकून मी गार पडलो, कारण ते शंभर टक्के बरोबर होते. शूटिंगच्या दिवशी बिबट्याच्या जागी आमचा एक सहायक काठीच्या टोकाला पिवळा चेंडू लावून उभा होता. काठी त्याने कमरेच्या उंचीला धरली होती. नटी चेंडूकडे बघत होती. आमच्या बिबट्याचं डोकं त्या चेंडूपेक्षा चांगलं वीतभर खाली होतं. मॉनिटरवर आम्ही बिबट्याचे केस मोजत बसलो आणि बाईची नजर कुठे आहे हे एकानेही तपासलं नाही. शिवाय तिच्या पायाशी पाच शेळ्या आरामात चरत होत्या.

मुंबईतल्या टाळ्यांचा अर्थही मला त्या टपरीवरच कळला. समोर बिबट्या उभा ठाकला तर कुणी टाळी वाजवत नाही. मुंबईकरांनी टाळी वाजवली ती कारागिरीला, म्हणजे त्यांनाही तो खोटाच दिसला होता. नारायणगावच्या लोकांनी तेच हसून सांगितलं. दोन्हीकडे एकही माणूस घाबरला नव्हता.

प्रदर्शनाला महिना होता. आम्ही एका दिवसाचं शूटिंग मागून घेतलं. बांधाच्या पलीकडून मेंढपाळाचं कुत्रं आणलं, तशा शेळ्या थांबल्या आणि एकदम एका बाजूला वळल्या. तो शॉट मिळाला. नटीचा क्लोजअप पुन्हा घेतला, या वेळी सहायक जमिनीवर पालथा झोपला होता आणि चेंडू गुडघ्याच्या खाली होता. ९६ फ्रेमचा बिबट्या कापून ३६ फ्रेमवर आणला, तोही अर्धा पाल्याआड. खांदे वर घेतले, डोकं खाली घातलं. डरकाळी काढून टाकली आणि तिच्या जागी काहीही भरलं नाही, फक्त रातकिड्यांचा आवाज मध्येच तोडला. नव्या क्रमात आधी रातकिडे थांबतात, मग शेळ्या थांबतात, मग बाई थांबते, मग पाल्यात दीड सेकंद काहीतरी आहे. प्रदर्शनानंतर त्याच थिएटरात जाऊन बसलो. तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारच्या खुर्चीवरचं पोर उचलून मांडीवर घेतलं. टाळी कुणी वाजवली नाही.

आता तुमच्या आजीकडे येऊ. आजी भोळी होती म्हणून हात जोडायची, असं मला अजिबात वाटत नाही. माझी आईही जोडायची. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये 'रामायण' पुन्हा लागलं तेव्हा ती ऐंशीला आली होती, आणि तेव्हाही तिने त्याच जागी हात जोडले. माझी मुलगी शेजारी बसून बाणांना हसत होती. मी आईला विचारलं, तुला तो बाण खरा वाटतो का? ती म्हणाली, "बाण कशाला खरा वाटायला हवा? राम खरा आहे ना." भक्तीचा प्रेक्षक अर्धा सिनेमा घरूनच घेऊन येतो. तिथे इफेक्टने फक्त खूण करायची असते. आजचा प्रेक्षक तोच राम बघायला जातो, पण त्याला आधी सांगितलेलं असतं की या सिनेमात अमुक इतके शॉट आहेत, तमुक इतका खर्च झालाय. एकदा तुम्ही कारागिरीची जाहिरात केलीत की लोक कारागिरीच तपासणार. चूक लोकांची नाही.

कारागिरी आणि भाव यांची सांगड आपल्याकडे पहिल्यापासून घातलेली आहे. दादासाहेब फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन' बघा, त्याचा बराच भाग आजही उपलब्ध आहे. कृष्णाचं काम त्यांच्या छोट्या मुलीने, मंदाकिनीने केलंय. सिनेमाच्या सुरुवातीला फाळके आधी या मुलीचा चेहराच दाखवतात, एकामागून एक बदलणारे भाव. म्हणजे ही साधी मुलगी आहे हे प्रेक्षकाला उघड सांगून टाकलंय, आणि मग तीच कृष्ण होऊन डोहात उडी घेते. पाण्याखाली नागाशी झुंज चालू असताना फाळके पुन्हा पुन्हा काठावर येतात, तिथली माणसं जीव मुठीत धरून उभी असतात. नाग आज बघितला तर बनावट दिसतो. काठावरची घालमेल आजही बनावट दिसत नाही, आणि तिच्या जोरावर नाग निभावून जातो. आमच्या बिबट्यात नेमका हाच काठ राहून गेला होता.

तुम्ही नव्वदच्या दशकात वाढला असाल तर तात्या विंचू आठवत असेल. १९९३ चा 'झपाटलेला'. रामदास पाध्यांचा बोलका बाहुला, जबडा वरखाली होतोय, हे लहान पोरालाही कळत होतं. तरी माझ्या मावसभावंडांनी कितीतरी रात्री घरातल्या बाहुल्या कपाटात कोंडून ठेवल्या. कारण लक्ष्मीकांत बेर्डे त्या बाहुल्याला मनापासून घाबरत होता. हसवणारा माणूस घाबरला की पोरांचा धीर सुटतो. त्याच वर्षी तिकडे हॉलिवूडने संगणकावर डायनोसॉर चालवले. तो 'ज्युरासिक पार्क'ही नीट आठवून बघा. पहिला मोठा प्राणी दिसायच्या आधी जीपमधला शास्त्रज्ञ उभा राहतो, गॉगल काढतो आणि शेजारच्या बाईचं डोकं हाताने धरून तिकडे वळवतो. आपलं डोकंही त्या हाताबरोबर वळतं. एका बाजूला बाहुल्याचा जबडा, दुसऱ्या बाजूला जगातली सगळ्यात नवी यंत्रणा, आणि दोघांची मदार समोरच्या माणसावर.

अर्थात सगळं नटांवर ढकलून चालणार नाही. आमच्या कामात खरोखर खोट असते आणि ती लोकांना दिसते. प्रेक्षकाला नाव सांगता येत नाही, पण त्याच्या डोळ्याला वजन कळतं. जन्मल्यापासून आपण वस्तू पडताना, माणसं उड्या मारताना बघत आलोय. जमिनीवर उतरलेल्या प्राण्याच्या पायाखाली माती हलली नाही, पाय टेकताना गुडघा वाकला नाही, की डोळा लगेच नाही म्हणतो. सावली किंचित निळी आणि बाकीचं चित्र पिवळं असेल तरी तेच. राक्षसाच्या अंगावरचा काळा रंग आणि मागच्या गुहेतला काळा रंग एकसारखे काळे हवेत, नाहीतर राक्षस चिकटवल्यासारखा दिसतो. आणखी एक गोष्ट मला फार खटकते, ती म्हणजे कॅमेरा. कुठल्याही कॅमेरामनला शक्य नाही अशा गिरक्या घेत कॅमेरा ढगातून किल्ल्यात, किल्ल्यातून बाणाच्या टोकावर जातो, तेव्हा बघणाऱ्याची स्वतःची जागाच हरवते. आपण कुठे उभे आहोत हेच कळेनासं झालं की भीती तरी कशी वाटणार?

सगळ्यात अवघड माणसाचा चेहरा. जपानी रोबोतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली मांडलं होतं की बाहुली माणसासारखी होत गेली की आधी आवडत जाते, पण जवळजवळ माणूस झाली की एकदम नकोशी वाटते. रोजच्या कामात मला याचा प्रत्यय येतो. म्हणून तात्या विंचू चालतो, आणि नटाला संगणकावर वीस वर्षांनी तरुण केलेला चेहरा बघताना लोक खुर्चीत चुळबुळ करतात.

बरंच परिस्थितीवरही अवलंबून असतं, आणि त्यातलं पुष्कळ आमच्या हातात नसतं. चांगल्या थिएटरात पडद्याचा उजेड १४ फूट-लॅम्बर्ट (हे उजेड मोजायचं एकक) असावा असा दंडक आहे. तालुक्याच्या कितीतरी थिएटरांत दिवा जुना होऊन उजेड निम्म्यावर आलेला मी पाहिलाय. तिथे अंधारातला इफेक्ट दिसतच नाही, फक्त आवाज ऐकू येतो, आणि तरी लोक दचकतात. उलट मोबाइलवर सगळं जास्तच स्वच्छ दिसतं आणि कुणीही बोटाने चित्र थांबवू शकतो. 'आदिपुरुष'चा टीझर ऑक्टोबर २०२२ मध्ये आला, लोकांनी फ्रेम थांबवून थांबवून त्याची चिरफाड केली आणि जानेवारी २०२३ चं प्रदर्शन जूनवर गेलं. चालत्या गोष्टीत दीड सेकंद दिसणारं चित्र थांबवून दोन मिनिटं बघितलं तर आमचं चांगलं कामही टिकणार नाही. टीझरमध्ये काठावरची माणसं नसतात, नुसता नाग असतो. त्या दृश्यावर राबलेली शेकडो मुलं रात्र रात्र बसलेली असतात. त्यांच्यापर्यंत सेटवरचा उजेड कुठून होता याची नोंदसुद्धा कित्येकदा पोचत नाही. मी स्वतः अशा एका कामावर होतो, जिथे चार स्टुडिओंना एकाच प्रसंगाचे तुकडे दिले होते आणि चौघांचा सूर्य चार दिशांना होता.

आमचं सगळ्यात जास्त काम मात्र असं असतं की त्यावर प्रतिक्रियाच नसते. पेशवेकालीन वाड्याच्या छपरावरची डिश अँटेना काढली, घाटातले विजेचे खांब पुसले, उडी मारणाऱ्या नटाच्या पाठीची वायर घालवली. कुणाला काही कळत नाही. 'आमच्या सिनेमात व्हीएफएक्स नाही' असं दिग्दर्शक मुलाखतीत सांगतात तेव्हा माझ्या स्टुडिओतल्या मुलांना वाईट वाटतं. मला ते समजतं. पण ते काम न दिसणं हेच त्याचं यश असतं, असं मी त्यांना सांगतो आणि मनापासून सांगतो.

आता तुमची मूर्ती. चाळीस हजार पुरतील, मात्र त्यातले संगणकावर फार खर्च करू नका.

मूर्तीचे डोळे उघडताना दाखवूच नका. पितळी पापणी हलली की ती कार्टून होते, चाळीस लाख घातले तरी होते. डोळे उघडलेले दाखवा. पूजेच्या सामानाच्या दुकानात मूर्तीला लावायचे चांदीचे डोळे मिळतात. एकाच साच्यातल्या दोन मूर्ती घ्या आणि एकीला डोळे लावा. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवा, एक्स्पोजर, फोकस, रंग सगळं हाताने लावून कुलूपबंद करा, मूर्तीची जागा खाली पेन्सिलने आखून ठेवा. समईची ज्योत पंख्याच्या झुळकेने अर्धा सेकंद विझत आली, अंधार झाला, ज्योत सावरली आणि डोळे आहेत. अंधाराच्या त्या अर्ध्या सेकंदात दोन शॉट जोडायचे. फाळक्यांच्या काळापासून हीच युक्ती चालत आलीये. कम्पोझिटिंग करणारा चांगला मुलगा अर्ध्या दिवसात जोडून देईल. पितळेत कॅमेरा आणि तुम्ही दोघंही दिसाल, म्हणून भोवती काळं कापड धरा.

देव्हाऱ्यातली घंटा किंचित हलायला हवी असेल तर काळा दोरा बांधा. १९३७ साली बाबूभाई मिस्त्रींनी काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू नाचवून अदृश्य माणूस उभा केला होता आणि लोक त्यांना 'काला धागा' म्हणूनच ओळखू लागले. मागे अंधार आणि दोऱ्यावर उजेड नाही, एवढं सांभाळलं की दोरा आजही दिसत नाही.

उरलेले पैसे आवाजावर आणि आजीचं काम करणाऱ्या बाईंच्या एका जादा दिवसावर ठेवा. त्यांच्या क्लोजअपच्या वेळी चांदीचे डोळे लावलेली खरी मूर्ती खरोखर समोर ठेवा, नजर आपोआप बरोबर बसेल. त्यांना दचकायला सांगू नका. त्यांना काम द्या. त्या समईची वात बोटाने पुढे सारताहेत, आणि बोट थांबतं. तेलाचा एक थेंब बोटावरून खाली पडतो, तरी त्यांचं लक्ष नाही. हा शॉट मूर्तीच्या शॉटच्या आधी लावा आणि मूर्ती सेकंदाच्या वर ठेवू नका.

जोडून झालं की ज्यांना गोष्ट माहीत नाही अशा पाच जणांना दाखवा. मोबाइलवर नको, घरातल्या टीव्हीवर दिवे मालवून दाखवा. तुम्ही टीव्हीशेजारी उभे राहा आणि त्यांच्या हातांकडे बघत राहा. वात सारणारं बोट थांबल्यावर त्यांचेही हात थांबले तर मूर्तीला पुन्हा हात लावू नका. नाही थांबले तर मूर्ती सोडून बोटाचा शॉट पुन्हा घ्या. जोडाच्या जागी उजेडाची उडी दिसली तर दोन्ही शॉटची एकेक फ्रेम मला पाठवा, बघून सांगतो.